चिंचणीतलं माझं माहेरपण

…आणि वर मलाच विचारतात, "काय नरू, न्यायला आलं का कोणी?" अहो, मी काय गणपती आहे, वाजतगाजत न्यायला यायला? बसा हो, उठू नका, बोईसरची गाडी इतक्यात येत नाही. त्या तारापूरच्या वीजघराच्या कामाचे ट्रक आडवे आले की आमची एस.टी. अशी अडकते की कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन येतो. मी? छे छे, मी कुठला जातोय! मी या चिकूच्या टोपल्या टपावर चढवायला आलोय. टोपल्या जाणार, तुम्ही जाणार, चिकू तर पार मुंबईपर्यंत जाणार, आणि मी इथंच, कारण मी… मी माहेरी आलोय. हसा, हसून घ्या, सगळी चिंचणी हसतेय, तुम्हीच काय पाप केलंय? पण एक सांगून ठेवतो, ही गाडी आली की तिच्यातून आमचा विश्रामदादा उतरणार आहे, आणि त्याच्या मागून विजयावहिनी उतरली तर मी सुटलो, आणि नाही उतरली तर… नाही, तसलं अभद्र बोलायचंच नाही. ती उतरेल. उतरायलाच पाहिजे.

तुम्हाला सांगतो, पुरुषाला माहेर नसतं! हे वाक्य माझंच आहे बरं का. याच वाक्यावर मला पालघरच्या वाचनालयात टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, बक्षीस मिळालं, आणि याच वाक्यानं माझं वाटोळं केलं. मी नरहरी चुरी. मूळचा इथलाच, पलीकडची ती वाडी आहे ना चिकूची, ती आमची. वाडी दादा बघतो, मी पालघरला भाताच्या गिरणीत कारकून. कारकून म्हणजे काय, गाडीवाले भाताची पोती आणतात ती काट्यावर चढवून घ्यायची आणि वजन मोठ्यानं पुकारायचं. त्यानं आवाज सुटला. आणि आवाज सुटला की माणसाला वाटतं आपल्याला विचारही आहेत.

त्यात दिल्लीत बाई पंतप्रधान झाल्या. झाल्या तर झाल्या, आमचं काही म्हणणं नव्हतं, पण तेव्हापासून पालघरातल्या प्रत्येक बाईच्या चालण्यात फरक पडला असं आमच्या गिरणीतल्या मंडळींचं ठाम मत. कोणाची बायको म्हणे "जरा स्वतः वाढून घ्या" म्हणाली. कोणाची म्हणे नवरा बोलत असताना उठून गेली. मग आम्ही काय केलं, पुरुष हक्क रक्षक मंडळ काढलं. बैठका स्टेशनच्या बाकावर, कारण घरी घ्यायला एकालाही परवानगी मिळेना. आणि संक्रांत आटोपल्यावर वाचनालयाचा वार्षिक उत्सव आला, त्यात वादविवाद ठेवला: स्त्री-पुरुष समानता आणि पुरुषांवरील अन्याय. मंडळानं एकमुखानं मला पुढं ढकललं.

काय बोललो मी! तुम्ही असायला हवे होतात. म्हटलं, समानता समानता काय लावलीय? एस.टी.त राखीव जागा तिला. हळदीकुंकू तिचं, मंगळागौर तिची. वटपौर्णिमा म्हणे आपल्यासाठी, पण तो उपास तिचा आणि संध्याकाळी साबुदाणाही तिचाच! बरं, तेही सोडा. बाई रुसली तर जाते कुठे? माहेरी! बाई दमली तर जाते कुठे? माहेरी! तिथं तिच्या डोक्याला तेल, तिच्या आवडीचं बिरडं, उन्हं अंगावर येईपर्यंत झोप. आणि पुरुष रुसला तर? पुरुष दमला तर? तो जाणार कुठे, बंधूंनो? स्टेशनच्या बाकावर! तुम्हाला सांगतो, पुरुषाला माहेर नसतं! झालं, सभा डोक्यावर घेतली लोकांनी. एक म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसत होते, नंतर कळलं त्यांना सर्दी होती. पहिलं बक्षीस, स्टेनलेसचा चार पुडाचा जेवणाचा डबा, हा एवढा, चकाचक.

बायकांच्या रांगेत आमची जयवंती बसली होती. शिरगावची पोर, सातवीची फायनल पास, बोलणं कमी. तिनं टाळी वाजवली की नाही ते मला दिसलं नाही, पण घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, गार झाली. मी डबा मध्ये ठेवला, त्याच्याकडे बघत जेवलो. आणि पान वाढताना ती इतकंच म्हणाली, "तुमचं भाषण पटलं मला." हे वाक्य बायको म्हणाली ना, की माणसानं तिथंच सावध व्हावं, पण मी मान हलवली, म्हटलं, पटणारच. तर म्हणते, "खरंच तुम्हाला कधी माहेरपण मिळालं नाही. उद्या जा तुम्ही. चिंचणीला. आईंकडे. राहा निवांत."

आता इथं शहाणा माणूस काय म्हणाला असता? "अगं, भाषण ते भाषण." एवढं म्हणाला असता आणि हात धुतला असता. पण दारात शेजारीपाजारी जमलेले, मंडळाचे दोघं अभिनंदनाला आलेले, आणि माझा आवाज सुटलेला! मी म्हटलं, जाणार. जाणार म्हणजे जाणारच. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं हो, पण मी उंबऱ्यावर उभा राहून, गिरणीत वजन पुकारतो त्या आवाजात पुकारलं, "आणि मी आपण होऊन परत येणार नाही! बाई माहेरी गेली की सासरचं माणूस न्यायला जातं. समानता आहे ना? मग तू न्यायला ये. न्यायला आलीस तरच येईन!" अख्ख्या चाळीनं ऐकलं. मंडळाच्या दोघांनी तर टाळ्या वाजवल्या. जयवंती म्हणाली, "बरं."

हे तिचं 'बरं' आहे ना, त्याला वजन नाही, रंग नाही, कुठून धरायचं तेच कळत नाही.

सकाळी स्टेशनवर पोचवायला आली. हातात नारळ दिला, "माहेरी रिकाम्या हातानं जाऊ नये." तिळगुळाची वडी दिली, वहिनीला खण दिला, आणि वर, "इकडची काळजी करू नका, तब्येत सुधारून या," असं, आमची आई तिला माहेरी धाडताना सांगायची अगदी तसंच, सांगितलं. गाडी सुटली तेव्हा मला उगीचच भरून आलं. मला वाटलं, आनंदानं असेल.

तर मी आलो. आता तुम्ही विचार करा, माणसाच्या काय अपेक्षा असतात माहेराकडून? तेल. बिरडं. झोप. जास्त काही मागितलं का मी? आई ओटीवर वाल निवडत होती, तिनं वर बघितलं आणि पहिला प्रश्न, "एकलाच? ती कुठं हाय? भांडलास?" म्हटलं, नाही गं, मी माहेरपणाला आलोय. आई माझ्याकडे बघतच राहिली, मग कपाळाला हात लावून बघितला. "अरे तुझंच घर हाय ना हे? तुझं कसलं माहेर?" आणि दादा तर पुढं बोलूच देईना, म्हणाला, बरा आलास, चिकू उतरवायला गडी मिळत नाहीयेत, सगळे त्या वीजघराच्या कामावर पळालेत, तिथं गोऱ्या साहेबाच्या हाताखाली टोपी घालून उभं राहायला मिळतं, वाडीत कोण येतंय! चप्पल काढायच्या आत माझ्या हातात जाळी लावलेला बांबू. मी म्हटलं, दादा, माहेरी आलेल्या माणसाला कामाला लावत नाहीत. तो म्हणाला, माणसाला नाही लावत, तुला लावतोय, धर.

पहिले काही दिवस मान वर करून करून अशी धरली की जेवतानाही मी आढ्याकडे बघूनच घास घेत होतो. बिरडं मागितलं, तर आई म्हणाली, करते की, वाल भिजत घातलेत, सोलून दे. तुम्ही कधी मोड आलेले वाल सोललेत? एकेक! एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, तो सुळकन उडतो आणि कोपऱ्यात जातो, तो शोधायचा, धुवायचा, पुढचा धरायचा. आणि हे सगळं ताटात आलं की किती दिसतं? मूठभर! मी आयुष्यभर वाडग्यानं बिरडं खाल्लं हो. हे कोणी सोलत असेल असं माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मला वाटायचं, ते तसंच येतं.

आणि विजयावहिनी. बाई बोलायला गोड, पण मी आल्यापासून तिच्या चेहऱ्यावर तो भाव, नणंद माहेरी आली की असतो तो! ताट वाढायची, पाणी द्यायची, आणि माझ्याकडे बघून असा बारीक उसासा टाकायची. एक दिवस न राहवून विचारलं, वहिनी, माझं काही चुकतंय का? तर म्हणते, "नाही हो भाऊजी. तुमचं माहेर म्हणजे माझं सासरच ना? पाहुण्याचं करायला मीच." मग तिनं पदर सारखा केला आणि अगदी हळू विचारलं, मी तुमच्या भाषणाचं ऐकलंय, प्रत्येक दमल्या माणसाला माहेर हवं असं म्हणालात ना? म्हटलं, हो, म्हणालो. म्हणाली, मग तुम्ही आहात तोवर मी केळव्याला जाऊन येऊ का माझ्या आईकडे? आईंना चुलीपाशी एकटं टाकून मला कधी निघताच आलं नाही.

आता काय म्हणणार? बक्षीस मिळवलेल्या माणसानं काय म्हणायचं? दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ न्यायला आला, ती इतकी हसत एस.टी.त चढली की मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. अजून तिथंच आहे. हे बघा हात. हा तव्याचा चटका, हा विळीचा, हा कशाचा मलाच माहीत नाही. तांदळाची भाकरी थापायला बसलो तर तिचा नकाशा झाला, दादा म्हणाला, ही खायची का भिंतीला लावायची? सकाळी विहिरीचं पाणी, मग चहा, मग भाकऱ्या, मग चिकू, मग भांडी, मग वाल… तुम्हाला सांगतो, पुरुषाला माहेर नसतं, हे मी म्हणालो होतो, पण माहेरी गेलेल्या पुरुषाला सासर लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं!

बरं, इतकंही सोसलं असतं. पण गाव! गाव आधी नुसतं विचारायचं, कधी आलास? मग विचारायला लागलं, अजून हायस? आणि मग विचारायचंच बंद झालं हो, ते फार वाईट. विहिरीवर मी कळशी घेऊन गेलो की बायका बोलायच्या थांबतात आणि दोर मला आधी देतात. दया! शेजारची कमळीआत्या एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाली, "नरू, बाबा, खरं सांग. टाकलाय का तिनं तुला?" मी म्हटलं, आत्या, काहीतरीच काय, मी माहेरपणाला आलोय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, "सगळीजणं असंच सांगतात पहिल्यानं. हे बघ, पुरुषाच्या जातीनं थोडा सोसायचा. उलटून बोलायचा नाय. अजून पोरबाळ नाय तुमाला, घर मोडाया वेळ लागत नाय." आणि जाताजाता, "चेहरा बघ कसा उतरलाय पोराचा," असं दुसरीला सांगत गेली. मी कळशी घेऊन उभा, आणि तुम्हाला काय सांगू, मला रडू आलं. मोठा माणूस, गिरणीत वजन पुकारणारा, विहिरीवर मुसमुसतोय.

मग तुम्ही म्हणाल, लेका, इतकं होतं तर जायचंस ना उठून? पालघर काय विलायतेत आहे? अहो, पण जाऊ कसा? मी पुकारून आलोय! चाळ ऐकतेय, मंडळ ऐकतंय, स्टेशनच्या बाकावर मंडळी माझ्या नावानं चहा पीत असतील, वाघ आहे नरहरी म्हणून. आपण होऊन गेलो तर वाघाची शेळी. मग मी काय केलं, निरोप पाठवला. आमच्याकडे निरोप न्यायला मासळीवालीसारखं माणूस नाही. नवसी रोज पहाटेच्या गाडीनं टोपली घेऊन पालघरच्या बाजारात जाते, दुपारी परत. तिला सांगितलं, जयवंतीला म्हणावं, मी बरा आहे. म्हणजे कळेल ना तिला? बाई जेव्हा 'मी बरी आहे' म्हणून कळवते तेव्हा सासरचं माणूस न्यायला धावत येतंच ना?

नवसी परत आली. "सांगितला बाईला. बाई बोलली, बरं."

दुसऱ्यांदा पाठवला, म्हणावं, तब्येत सुधारली. आणि मग नवसीनं जे सांगितलं ते ऐकून मी टोपलीवरच बसलो. "बाई खोलीवर नवती. बाई गिरनीत हाय." गिरणीत काय करतेय? "काट्यावर उबी हाय. तुमच्या जाग्यावर. तुमचा शेठ माणूस धाडीत व्हता खोलीवर, नरहरी कुठं, नरहरी कुठं. बाईनं सांगितला, ते माहेरी गेलेत, कामाचा खोळंबा नको म्हणून मी येते. काय तिचा आवाज हाय, भाऊ! बाजारपातुर ऐकू येतो." आवाज? जयवंतीचा? आमच्या घरात त्या बाईचा आवाज कपाटाच्या पलीकडे कधी गेला नाही! "आन् दुपारचा जेवाया डबा असतो तिच्याकडं. चार पुडाचा. लय चकचकीत हाय." माझा डबा! पुरुषांवरील अन्यायाचं पहिलं बक्षीस! आणि शेठनं मला निरोप काय पाठवावा? म्हणाला, नरहरीला सांग, निवांत राहा, घाई नाही. तुम्हाला सांगतो, माणसाला हाकलून दिलं तर तो भांडू शकतो, पण 'घाई नाही' म्हटल्यावर तो करणार काय?

मी त्या दिवशी भाकऱ्या जाळल्या. सगळ्या. आईनं मला बाजूला सारलं, आपण चुलीपुढं बसली, आणि पहिल्यांदा विचारलं, "नरू, न्यायला येत नाय म्हणून जीव खातोस ना?" मी मान हलवली. तर म्हणाली, तुझ्या जन्मानंतर मीपण गेले होते माहेरी, वाणगावला. तुझ्या बापाशी काहीतरी झालं होतं, काय ते आता आठवतपण नाय. वाटलं, येईल न्यायला. रोज दारात बसायची. कोनी आला नाय. वडील माझे चांगले होते, पण भावजयीनं भांडी आपटायला सुरुवात केली, शेजारीण विचारायला लागली, आन् माझ्या आईला तोंड दाखवायला जागा राहिली नाय. म्हणजे मला कोनी जा नाय म्हणाला, पण राहा पण कोनी म्हणाला नाय. मी विचारलं, मग? म्हणाली, "मग काय. तुला कडेवर घेतला आन् चालत आले आपली आपण. दारात तुझा बाप उबा होता. बोलला, आलीस? मी बोलले, आले. आन् चूल पेटवली."

वाचनालयात मी छाती ठोकून सांगितलं होतं, बाईला दोन घरं असतात. आणि माझी स्वतःची आई वाणगावाहून इथवर चालत आलेली, मला कडेवर घेऊन, आणि मी कधी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. त्या क्षणी मी ठरवलं, गेलं ते मंडळ खड्ड्यात, मी उद्या पहिल्या गाडीनं आपण होऊन जाणार. पिशवी भरली. दाराआड ठेवली. तोंडात कुठलं वाक्य घेऊन जायचं तेही ठरलं: आलास, विचारलं तर आलो म्हणायचं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलणार, तर वाडीच्या झापाशी, त्या बांबूच्या फाटकाशी, कोण? जयवंती! रविवार होता, गिरणी बंद. नवं लुगडं, हातात नारळ, न्यायला आली होती! तुम्हाला काय सांगू मला काय झालं. मी धावलो नाही एवढंच. आई ओटीवर, जयवंती ओटीवर, दोघी बसल्या समोरासमोर, आणि मी आत चहा टाकला, दुप्पट साखर घालून, आणि मनात म्हणतोय, आता पिशवी, आता गाडी, आता पालघर.

चहा घेऊन दारात आलो तर बोलणी सुरू झालेली. जयवंती म्हणत होती, आई, यांना न्यायला आलेय, बरेच दिवस झाले. आता तुम्हा मंडळींना आपली रीत माहीत आहे. सासरचं माणूस न्यायला आलं की माहेरच्या माणसानं एकदा तरी म्हणायचं असतं, राहू द्या अजून चार दिवस. म्हणायचं असतं, नुसतं! आणि आई म्हणाली, "राहू दे की त्याला अजून." मी म्हटलं, रीत आहे, म्हणणारच. आता ही म्हणेल, नाही आई, तिकडं अडतंय. पण आई पुढं बोलत राहिली. म्हणाली, "विजया माहेराहून आली की ने त्याला. मला माझ्या माहेरी कोनी राहा म्हणाला नव्हता. माझ्या लेकाला मी म्हणनार."

मी म्हटलं, अगं आई, पण मला… तर आई म्हणते, "मोठी माणसं बोलतायत ना, मधे बोलू नये." माझ्याबद्दल चाललंय आणि मी मधे बोलू नये! दोघी बसून माझं ठरवतायत, हा कधी जाईल, कोणाबरोबर जाईल, आणि मी दारात चहाचे कप घेऊन उभा, खाली मान घालून. जयवंतीनं आईकडे बघितलं, आणि मला कळलं हो ती काय म्हणणार. मला आधीच कळलं.

"बरं," म्हणाली.

तिला झापापर्यंत पोचवायला गेलो. म्हटलं, काय केलंस हे? नव्या नवरीसारखा विनवत होतो, वहिनी येईल तेव्हा येईल, तू ने मला आत्ताच्या आत्ता, मी काट्यावर तुझा हमाल होईन, पण ने. तर तिच्या डोळ्यांत पाणी. जयवंतीच्या! म्हणाली, "खोलीत करमत नाही मला. खरंच न्यायला आले होते. पण आईंना आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी राहा म्हणता आलं, ते मी कसं मोडू?" आणि हातातला नारळ माझ्या हातात देऊन गेली. तेव्हापासून तो नारळ स्वयंपाकघरात आहे, मी त्याच्याकडे बघत वाल सोलतो.

म्हणून दादाच्या पाया पडलो. म्हटलं, दादा, वहिनीला घेऊन ये रे केळव्याहून, तुझ्या भावाचा संसार वाचव. सकाळी गेलाय तो. आता ही गाडी… आली! ऐकलंत? आली, आली, धूळ दिसतेय, सरका हो जरा, टोपल्या बाजूला घ्या, दारात जागा द्या, बाईमाणूस उतरणार आहे! तो बघा दादा, मागच्या दाराशी… उतरला. दादा! आणि मागून? मागून ती कोण… नाही, ती दुसरीच. आणि तो एक गृहस्थ. आणि… बंद केलं दार. दादा, वहिनी? वहिनी कुठे आहे?

काय?

काय म्हणाली तिची आई?

…ऐकलंत ना तुम्ही? म्हणाली, "राहू द्या अजून चार दिवस." आणि आमचा दादा काय म्हणाला असेल तेही सांगू का? "बरं" म्हणाला.

चढा, चढा, गाडी सुटेल तुमची. द्या ती टोपली इकडे, हां, जपून, कच्चे आहेत अजून. तुमच्यापैकी कोणी पालघरला उतरलंच, तर गिरणीत काट्यावर एक बाई उभी असेल, मोठ्या आवाजाची. तिला सांगा, मी सुखात आहे. मी निघतो. वाल भिजलेत.